ओवीतलं दुःख नेमकं कुणाचं?

पुण्यात लोकसंगीताचा कार्यक्रम असला की जात्यावरच्या ओवीला हमखास बासरीची साथ मिळते, निवेदनाचा सूर हळवा होतो आणि प्रेक्षागृहात दोन-चार रुमाल बाहेर निघतात. सासुरवाशिणीचे हाल ऐकले, डोळे पुसले, आपण मोकळे. ओवी गाणारीला एवढंच सांगायचं होतं का, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. तो चिकाटीनं विचारण्याचं काम याच पुण्यातून झालं.

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ यांनी पुण्यात ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था उभी केली. मुळशी-मावळच्या डोंगराळ गावांत ‘गरीब डोंगरी संघटने’चं काम चालू असताना ओव्यांचा हा खजिना समोर आला. मग संघटनेच्या कार्यकर्त्या बायकाच आपल्या आया, सासवा, शेजारणींकडून ओव्या उतरवून घेऊ लागल्या. पुढं हे काम महाराष्ट्रभर पसरलं आणि हजाराहून जास्त गावांतल्या तीन हजारांवर बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणकतज्ज्ञ संगीत-अभ्यासक सामील झाले आणि ओव्या आवाजासकट नोंदल्या जाऊ लागल्या. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये आणि सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून ओव्या आधीच जपल्या होत्या. पुण्याच्या या कामाचं वेगळेपण म्हणजे कोणती ओवी कुणी, कोणत्या गावी म्हटली याची नोंद सुटली नाही आणि अर्थ लावताना गाणाऱ्या बायकाही बैठकीला बसल्या.

त्यानं काय फरक पडतो? दळण कसं चालायचं ते आठवा. पहाटेचा अंधार, घरातली पुरुष मंडळी झोपलेली. जात्याच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर, दोघींचा हात एकाच खुंट्याला. एकीनं वैरण घालायची, पाळू फिरवत ओवीचा पहिला चरण म्हणायचा. दुसरीनं तो उचलायचा. समोर कधी जाऊ, कधी नणंद, कधी आपल्यासारखीच पोळलेली शेजारीण. म्हणजे ओवी एकटीचं रडणं क्वचितच असते. ऐकणारी समोर बसलेली असते आणि जात्याच्या घरघरीमुळं शब्द माजघराबाहेर फारसे जात नाहीत. दिवसा सासूसमोर वर मान न करणारी बाई पहाटे तिचा कडकडीत हिशेब मांडू शकते तो याच आडोशानं. कागदावर करुण वाटणाऱ्या कितीतरी ओव्या प्रत्यक्षात टोमणे आहेत.

सीतेच्या वनवासाच्या ओव्या घ्या. ग्रंथातला वाल्मीकी इथं ‘तातोबा’ होतो, लव-कुश ‘लहू-अंकुश’ होतात आणि कैकेयी तर थेट छळणारी सासूच. रानात बाळंत झालेल्या सीतेजवळ ना आई, ना सुईण, ना बाळंतिणीची बाज. हे तपशील राजकन्येचे नाहीत, मुळशीच्या किंवा परभणीच्या बाईचे आहेत. स्वतःच्या नवऱ्यानं टाकलं हे चारचौघांत बोलायची सोय नव्हती. रामानं सीतेला टाकलं हे म्हणता येत होतं, आणि तेही देवाचं नाव घेतल्याच्या पुण्यासकट! भक्तिगीत म्हणून या ओव्या बाजूला काढणाऱ्यानं त्यातली निम्मी फिर्याद ऐकलीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

भावाच्या ओव्यांचंही तसंच. भाऊ मुराळी म्हणून येईल, चोळी घेईल, दारात उभा राहील. रक्षाबंधन आणि भाऊबीजेच्या शुभेच्छापत्रांवर शोभाव्यात अशाच या ओव्या. पण माहेरच्या जमिनीचा वाटा भावाला सोडून आलेल्या बाईला सासरी काही कमी-जास्त झालं तर आधार तेवढाच. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीनं हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात 1994 साली झाली. त्याआधीच्या पिढ्यांच्या ओव्यांत चोळीखणाची जी वाट पाहिली जाते, ती निव्वळ मायेपोटी नाही. आपण सोडलेला वाटा भावाच्या लक्षात आहे ना, याची ती चाचपणी आहे. भावजयीवरचा राग याच जागी का उफाळतो, तेही मग कळतं. (त्या बिचारीचा भाऊ तिच्या दारी येतो की नाही, हे कोण विचारणार? ते ती तिच्या जात्यावर म्हणत असणार.)

अर्थ लावताना आवाजाकडंही दुर्लक्ष करून चालत नाही. छापील ओवी दोन ओळींत संपते. गाताना तीच चरण पुन्हा घेत, मध्ये ‘गं बाई’ घालत, श्वासाला थांबत लांबते. बाई कुठला चरण पुन्हा घेते, कुठं घाईनं पुढं जाते, यावरून दुखरी जागा कळते. छापलेल्या संग्रहात ती सापडणं कठीण.

गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. लग्नातला घाणा आणि हळद एवढ्यापुरतं ते आता बाहेर निघतं. त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. गिरणीला नावं ठेवणारी बाई मला तरी भेटलेली नाही. प्वातवाँ 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. त्यांचा संग्रह 2017 पासून ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’च्या संकेतस्थळावर क्रमानं येतो आहे, आवाजासकट, फुकट.

दिवाळीत गावी जाल तेव्हा आजीला किंवा आत्याला ओवी म्हणायला लावा. मोबाइलवर आवाज घ्या आणि तिचं नाव, गाव, माहेर, सासर नोंदवा. दोन ओव्या झाल्यावर विचारा, हे म्हणताना समोर कोण बसायचं? उत्तर मिळालं तर तेही लिहून ठेवा. आणि बासरी कृपा करून लावू नका.