चढावर मांड्या का भरतात?
पुलाच्या चढावर मांड्या भरून येतात, सायकल हातात धरून चालावे लागते. आपण लगेच वयाला दोष देतो. मांडीच्या स्नायूत मुख्यतः दोन तऱ्हेचे तंतू असतात. तांबडे तंतू कमी जोराचे, पण प्राणवायूवर बराच वेळ टिकतात. पांढरट तंतू जोरदार, पण लवकर थकतात. चढावर दाबून पायडल मारले की तेही कामाला लागतात. सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास सायकल चालवली, की काही आठवड्यांत तंतूंभोवती बारीक रक्तवाहिन्या वाढतात, दम टिकतो. गिअरची महागडी सायकल कशाला? आम्ही म्हणतो, दारातली जुनीच बरी. शिवाय राबणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. साखर एकदम उतरू शकते.