राजाचें मुख आणि राजाची मुद्रा

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आमच्या लोणी देवकर गांवीं कांहीं जुन्या घरांतून अजूनहि एक राणीछाप रुपया मांडला जातो. आजेसासूच्या डब्यांतून तो नातसुनेच्या हातीं आलेला असतो. वर्षांतून एकदां रांगोळीनें घासून तो उजळावयाचा, त्यावर हळदकुंकू वाहावयाचें आणि पुन्हां डब्यांत ठेवून द्यावयाचा. ज्या बाईच्या मुखावर आपण कुंकू वाहतों ती सातासमुद्रांपलीकडची राज्यकर्ती होती आणि तिच्या वंशाचें राज्य १९४७ सालीं येथून उठलें, हें त्या वेळीं कोणाच्या मनांतहि येत नाहीं. राज्य गेलें, रुपया राहिला, आणि रुपयावरचें तोंड थेट देवाच्या पाटापर्यंत येऊन बसलें! राजाची छबी प्रजेच्या घरांत किती खोल शिरते याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

ही विद्या ज्यानें परिपूर्णतेस नेली तो रोमचा पहिला बादशहा ऑगस्टस. रोमच्या लोकसत्ताक राज्यांत जिवंत माणसाचें मुख नाण्यावर घालणें अनुचित मानीत. ज्युलियस सीझरनें इ. स. पूर्वीं ४४ मध्यें ती मर्यादा मोडली व त्याच वर्षीं त्याचा खून झाला. त्याच्या दत्तक पुत्रानें यांतून योग्य तो बोध घेतला. त्यानें राजा ही पदवी घेतली नाहीं. परंतु आपलें मुख मात्र नाण्यांवर, चौकांत, देवालयांत असें सर्वत्र नेऊन पोहोंचविलें. मौज अशी कीं, हा गृहस्थ इ. स. १४ मध्यें पंचाहत्तरी उलटून वारला, पण त्याच्या पुतळ्यांवर अखेरपर्यंत सुरकुती म्हणून पडली नाहीं. एका वर्षांत आपण ब्याऐंशी देवालयांचा जीर्णोद्धार केला असें तो आपल्या आत्मनिवेदनांत सांगतो. इ. स. पूर्वीं २ मध्यें त्यानें स्वतःच्या नांवानें जो चौक बांधून खुला केला, त्यांत एका बाजूस आपल्या कुळाचा आद्य पुरुष ईनीअस आणि त्याचे वंशज, तर दुसऱ्या बाजूस रोमचा संस्थापक रोम्युलस आणि रोमचे थोर सेनानी, असे पुतळे ओळीनें उभे केले आणि प्रत्येकाच्या खालीं नांव व पराक्रम कोरविला. चौकांतून चालणाऱ्यास न सांगतां कळावें कीं, या सर्व ओळींचा शेवट कोणापाशीं होतो!

आमच्या वाचकांस वाटेल कीं, रोमच्या चौकाशीं आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुन्नराहून फार लांब नाहीं. कोंकणांतून देशावर येणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणें आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यांतील व्यक्तींच्या मूर्ती एका ओळींत कोरल्या होत्या. मूर्ती आतां नष्ट झाल्या, पण वरचीं नांवें राहिलीं: सिमुक सातवाहन, देवी नागनिका व राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. बाजूच्या भिंतींवर राणीचा प्रचंड लेख आहे. त्यांत अश्वमेधादि यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण यांची मोजदाद आहे. व्यापाऱ्यांचे तांडे घांट चढून दमून वर येत, त्यांच्या दृष्टीस प्रथम हें राजकुल पडे. पंडित हें लेणें सामान्यतः इ. स. पूर्वीं पहिल्या शतकांतील मानतात. तसें असेल तर ऑगस्टसच्या चौकाहून तें मागचें असण्याचाच संभव अधिक. कोणी कोणाची नक्कल केली असें आम्ही म्हणत नाहीं. सत्तेस वंशावळीची भूक सर्वत्र सारखीच लागते.

पुढें रोमचीं गलबतें भडोच, सोपारा, कल्याण या बंदरांस लागूं लागलीं. हिंदुस्थान दरसाल आपले पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो अशी तक्रार प्लिनी या रोमन ग्रंथकारानें करून ठेविली आहे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या उत्खननांत १९४५ च्या सुमारास समुद्रदेवता पोसायडन हिची लहानशी कांस्यमूर्ति निघाली, ती याच व्यापाराची खूण. या धामधुमींत क्षहरात कुळांतील शक क्षत्रप नहपान यानें सातवाहनांकडून नाशिक, जुन्नर, कार्ले हा मुलूख हिसकावला आणि आपल्या नांवाचें चांदीचें नाणें पाडलें. एका बाजूस त्याचें मुख आणि भोंवतीं ग्रीक अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींत त्याचें नांव. ग्रीक अक्षरांत लिहिलेली भाषा मात्र प्राकृतच! गोदातीरीं तीं अक्षरें वाचणारे किती असतील? परंतु नाण्यास परदेशी डौल हवा, तो त्यांनीं आला.

सन १९०६ मध्यें नाशिकजवळ, दारणा-गोदावरीच्या संगमानजीक, जोगलटेंभी येथें या नाण्यांचा तेरा हजारांहून अधिक नगांचा एक सांठा सांपडला. रेव्हरंड स्कॉट यांनीं तो तपासला. तेव्हां असें दिसून आलें कीं, त्यांतील निम्म्याहून कितीतरी अधिक नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला आहे. नहपानाच्या तोंडावर कमानींचा डोंगर व त्याभोंवतीं ‘राजा गौतमीपुत्र श्रीसातकर्णी’ अशा अर्थाचीं अक्षरें, आणि पाठीवर उज्जयिनी चिन्ह. नाणीं वितळवून नवीं पाडणें गौतमीपुत्रास अशक्य नव्हतें. पण वितळलेलें नाणें कांहींच सांगत नाहीं. ठसा मारलेलें नाणें मात्र बाजारांतल्या प्रत्येक हातांत जाऊन सांगतें कीं, खालीं कोण आहे आणि वर कोण आहे. कित्येक नाण्यांवर डोंगराच्या आडून नहपानाचें नाक अजून डोकावतें. रोमंतहि असा प्रकार घडला होता. नीरो बादशहा मेल्यावर त्याच्या राजवाड्यांतील तळें बुजवून व्हेस्पेशियननें तेथें लोकांसाठीं विशाल क्रीडागार उभारलें, आणि नीरोचा प्रचंड पुतळा सूर्यदेवास वाहून टाकला.

येथपर्यंतची कथा आम्ही पुष्कळ वर्षें वर्गांत मोठ्या आवेशानें शिकविली. परकीय शक आला, आपल्या राजानें त्याचा उच्छेद केला, नाण्यावरचें तोंडसुद्धां पुसून काढलें, असें सांगतांना वर्ग कसा स्तब्ध होई! एके वर्षीं आम्ही मुलांस नाशिकचीं लेणीं दाखविण्यास नेलें. दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे, त्याचा अर्थ आम्ही सांगूं लागलों. याने तीन लक्ष गायी दिल्या, देवब्राह्मणांस सोळा गांवें दिलीं, वर्षास लक्ष ब्राह्मणांस भोजन घातलें, प्रभासक्षेत्रीं आठ ब्राह्मणांचीं लग्नें लावून दिलीं, नद्यांवर फुकट तरी ठेविल्या. मागें उभा असलेला एक मुलगा हळूच म्हणाला, “गुरुजी, मग हा वाईट कसा?” आम्ही त्या वेळीं वेळ मारून नेली. खरें सांगावयाचें तर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

तो प्रश्न आमच्या मनांतून गेला नाहीं, आणि निवृत्तीनंतर तें सर्व पुन्हां वाचूं लागलों तेव्हां गुंता वाढतच गेला. त्याच डोंगरांत तिसरें लेणें गौतमीपुत्राच्या मातेनें, गौतमी बलश्रीनें, नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षीं भिक्षूंस दान केलें. त्यांतील लेखांत पुत्राचा गौरव पाहावा: शक, यवन व पह्लव यांचा नाश करणारा, क्षहरातांस निर्मूळ करणारा, ज्याचे घोडे तीन समुद्रांचें पाणी प्याले असा, क्षत्रियांचा दर्प हरणारा, चातुर्वर्ण्याचा संकर थांबविणारा, एकब्राह्मण! आमच्यासारख्यांच्या घरांत हें शेवटचें विशेषण वाचतांना छाती जरा फुगते हें आम्ही कबूल करतों. परंतु त्याच घराण्याच्या पुढच्या पिढींतील वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी कोण? कान्हेरीचा लेख सांगतो कीं, ती कार्दमक कुळांतील, एका महाक्षत्रपाची कन्या. म्हणजे शकांचीच मुलगी. आणि जुनागडच्या इ. स. १५० च्या सुमाराच्या लेखांत महाक्षत्रप रुद्रदामा म्हणतो कीं, दक्षिणापथाच्या सातकर्णीस आपण दोनदां जिंकलें, पण जवळच्या नात्यामुळें त्याचा नाश केला नाहीं. संकर थांबविल्याची द्वाही नाशिकास कोरलेली आणि सोयरीक तिकडे जुळलेली!

संस्कृताच्या विद्यार्थ्यास आणखी एक गोष्ट खटकल्यावांचून राहात नाहीं. एकब्राह्मण म्हणविणाऱ्या राजाचे लेख प्राकृतांत. उषवदाताच्या लेखांत संस्कृताची छटा. आणि शुद्ध संस्कृत गद्यांतला पहिला विस्तृत लेख रुद्रदाम्याचा! ज्यांस आम्ही परके म्हणून शिकविलें त्यांनीं देववाणीस राजसभेंत पाट मांडून दिला, आणि ज्यांस आपले म्हणतों त्यांनीं लोकांची भाषा सांभाळली. यांत कोणाचें अधिक उणें ठरवावें? आम्हांस तर दोघांचेंहि ऋण वाटतें.

मुखाचीहि तीच गत झाली. ज्या घराण्यानें शत्रूचें तोंड डोंगराखालीं दडपलें, त्यानेंच पुढें चांदीच्या नाण्यांवर स्वतःचें मुख उमटविलें, अगदीं क्षत्रपांच्या धाटणीनें. यज्ञ सातकर्णीचें असें एक नाणें पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ मध्यें सोपाऱ्याच्या स्तूपांत मिळालें. या मुखाच्या नाण्यांवर एका बाजूस प्राकृत आणि दुसऱ्या बाजूस द्राविडी वळणाची भाषा आहे. ग्रीक अक्षरें गेलीं. प्रजेस वाचतां येईल असें कांहीं आलें, आणि आमच्या मतें हीच खरी सुधारणा.

लेण्यांकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. तिसऱ्या लेण्याचा सोपा हा दहाव्याच्याच नमुन्यावर काढलेला आहे. तेच घटाकार खांब, तेच वर बसविलेले पशु. कारागिरी मात्र दहाव्याची सरस, हें मान्य केलेंच पाहिजे. तिसऱ्याची खरी शोभा सोप्याच्या पायथ्याशीं आहे. तेथें सहा धिप्पाड यक्ष जमिनींतून अर्धवट वर आलेले असून संपूर्ण लेणें खांद्यांवर पेलून धरल्यासारखे दाखविले आहेत. जणूं भोई पालखी उचलीत आहेत! बहुतेक प्रेक्षक मात्र त्यांच्याकडे न पाहतां पायऱ्या चढून आंत जातात.

आणि त्या लेखाकडे पुन्हां एकदां पाहावें. ऑगस्टसनें आपली कीर्ति आपणच लिहून ठेविली. नाशिकास ती आईनें लिहविली आहे. आपण महाराजाची माता व महाराजाची आजी असें ती आपल्याविषयीं सांगते. पुत्राच्या राज्याचीं वर्षें मोजण्याचें थांबून नातवाचीं एकोणीस उलटत आलीं, तेव्हां तिनें हें कोरविलें. म्हणजे बहुधा तो गेल्यावर. राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्याशीं ती त्याची तुलना करते, आणि मध्येंच असेंहि सांगते कीं, अपराधी शत्रूचाहि जीव घेणें त्यास रुचत नसे. क्षहरातांस निर्मूळ करणाऱ्याविषयीं हें वाक्य! राजकारणांत बसत नाहीं तें आईच्या तोंडीं बसतें. कोणताहि दरबारी लेखक हा विसंगत शब्द तेथें ठेवता ना.

नाशिकास जाणाऱ्यांनीं प्रथम दहावें लेणें पाहावें आणि मग परत फिरून तिसऱ्याशीं यावें, म्हणजे नक्कल कोणती व मूळ कोणतें हें डोळ्यांनींच कळतें. डोंगराची चढण आहे. गुडघे कुरकुरत असतील त्यांनीं सकाळच्या थंड वेळीं निघावें आणि पाण्याचा तांब्या बरोबर घ्यावा. आम्ही गेल्या खेपेस तो घरीं विसरलों होतों.