पाय जड, रोग छातीत

उकिडवा बसलेला माणूस उठताना मांडीवर हात टेकू लागला, जिना चढताना कठडा धरू लागला, की घरचे म्हणतात, "वय झालं." कोणी वात म्हणतो. तेल चोळतात, शेक देतात. पुष्कळदा कारण साधंच असतं. पण क्वचित ही कमजोरी दुसऱ्याच रोगाची वर्दी असते. तो रोग म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग.

पाय कुठे आणि छाती कुठे, असं तुम्ही म्हणाल. नीट ऐका.

मेंदूचा निरोप स्नायूंना पोचवणारे धागे अंगभर असतात. त्यांना मज्जातंतू म्हणतात. त्यांच्या टोकाला अगदी बारीक दारं असतात. चुन्यात जे कॅल्शियम असतं, ते या दारांतून आत गेलं की निरोप पुढे जातो. आता, फुप्फुसातल्या एका जातीच्या कर्करोगाच्या पेशींवरही अशीच दारं असतात. आपल्या रक्तातले शिपाई त्या गाठीवर चालून जातात. पण दारं सारखी दिसल्यामुळे मज्जातंतूंची दारंही बंद पाडतात. वर्गात गडबड करतो एक आणि छडी खातो शेजारचा, तशातली गत. मी मास्तर होतो, मला ठाऊक आहे.

अमेरिकेत लँबर्ट, ईटन आणि रूक या डॉक्टरांनी १९५६ साली हा प्रकार मांडला. पहिल्या दोघांचंच नाव या आजाराला मिळालं.

याची खूण काय? आधी मांड्या दुबळ्या होतात, मग दंड. तोंड सारखं कोरडं पडतं. थोडा जोर केला की घटकाभर शक्ती परत आल्यासारखी वाटते. हा आजार झालेल्यांपैकी निम्म्या लोकांत कर्करोग सापडतो, आणि ते बहुतेक विडी-सिगारेट ओढणारे असतात. खोकला नसतो, छाती दुखत नाही, तरी गाठ आत असू शकते. पाय कित्येक महिने आधी सांगतात.

म्हणून विडी ओढणाऱ्याचे पाय असे गळू लागले, तर डॉक्टरला दोन्ही गोष्टी सांगाव्या. विडी लपवू नये. मज्जातंतूंची विजेची तपासणी होते, रक्त तपासतात, छातीचा सीटी स्कॅन काढतात. पहिला फोटो स्वच्छ आला म्हणजे सुटलो, असं नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी, दोन वर्षं, पुन्हा तपासावं लागतं. लोक नेमके इथेच कंटाळतात.

गाठ लवकर सापडली आणि तिच्यावर उपचार झाले, तर पुष्कळांच्या पायांतली शक्तीही हळूहळू परत येते.