काविळीमागचा खडा

डोळे पिवळे झाले, की सातारा-सांगलीकडे अजूनही अनेक घरांत काविळीचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्याची चौकशी आधी होते. वास्तविक १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडले, तेव्हापासून या मुलखाला शस्त्रवैद्यकाचा शेजार आहे. प्रत्येक कावीळ यकृताच्या दाहाचीच नसते. पित्ताशयातला खडा घसरून पित्तनलिकेत अडकला, तर पित्त तुंबून रक्तात उतरते. तिथे पाल्याचा रस काय करणार?

या अडथळ्याचा पहिला शोध सोनोग्राफीने घेतात. सेकंदाला २०,००० कंपनांपलीकडचा ध्वनी आपल्या कानांना ऐकू येत नाही. हे यंत्र लाखो कंपनांचा ध्वनी पोटात सोडते आणि प्रतिध्वनींवरून चित्र रेखाटते. खडा चकाकतो व त्याच्यामागे काळी सावली पडते. पित्ताशय भरलेले राहावे म्हणून तपासणी उपाशीपोटी करतात.

पित्ताशयातले खडे सहसा नजरेतून सुटत नाहीत. नलिकेच्या खालच्या टोकाशी मात्र आतड्यातला वायू आड येतो. मग नलिका फुगली आहे काय, हे पाहावे लागते. साधारण ६ मिलिमीटरांहून ती रुंद असली, तर संशय बळावतो. रक्ततपासणी आणि एमआरसीपी पुढचा उलगडा करतात.

तेव्हा श्रोतेहो, ‘खडा दिसला नाही’ म्हणजे ‘खडा नाही’ असे समजू नये. कावीळ, पोटदुखी आणि थंडी वाजून ताप ही तिन्ही एकत्र आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तुंबलेल्या नलिकेत जंतूंनी शिरकाव केल्याची ती खूण असते, आणि तिथे उशीर जिवावर बेततो.