रायगडाला जाताना पाचाडचे पाणी



गळीत हंगाम आटोपला, खोडव्याच्या पाचटाची व खताची कामे मार्गी लागली, की आपल्या गटागटांतून रायगडाच्या गाड्या निघतात. ६ जूनला राज्याभिषेक दिन असतो, तिथीप्रमाणे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही सोहळा होतो, म्हणून मे अखेर ते जून मध्य हाच काळ आपण धरतो. जावे, जरूर जावे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात रायगड आहे. म्हणजे गर्दी आणखी वाढणार. पण ज्या गावाच्या अंगणातून आपण गडावर जातो त्या पाचाडविषयी शेतकी खात्याला चार शब्द सांगायचे आहेत, आणि त्याची सुरुवात आमच्याच चुकीपासून.

दोन वर्षांपूर्वी मे अखेरीस खात्याची माणसे आणि काही सभासद असे आम्ही गेलो होतो. पहाटे पाचाडला पोचलो. रस्त्याकडेला एक काळा, जळका, मोकळा तुकडा दिसला. पडीक दिसतोय म्हणून दोन्ही गाड्या त्यात घातल्या. तोच घरातून एक म्हातारबाबा धावत आले, "अवो सायेब, राब हाय तो!"

राब म्हणजे काय ते आपल्या ऊसपट्ट्यात बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. भाताचे रोप टाकण्यासाठी एक तुकडा राखतात. त्यावर शेण, झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत यांचे थर रचून वर मातीचा पातळ थर देतात व पावसाळ्याआधी तो भाजतात. तण मरते, राख मिळते, माती भुसभुशीत होते. पहिल्या पावसावर त्यात भात पेरायचा, मग रोपे काढून खाचरात लावायची. वर्षाचे भात त्या तुकड्यावर अवलंबून. आम्ही पदविकेला असताना राब पुस्तकात वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. चाकाखाली आला तेव्हा मात्र ओळखला नाही! आपल्या बेणेमळ्यात लागणीच्या आदल्या आठवड्यात कुणी ट्रक फिरवला तर आपण काय बोललो असतो? म्हातारबाबा तसे काहीच बोलले नाहीत. आम्ही गाड्या काढल्या, कुदळी मागून घेतल्या आणि चाकोऱ्या मोकळ्या करून दिल्या.

तेवढ्यात आमच्यातल्या काहींनी त्यांच्या दारातल्या पिंपातून तोंडे, पाय धुतले. एकाने गाडीची काचही धुतली. मागाहून कळले, ते पिंप टँकरच्या पाण्याचे होते.

इथेच आपली समजूत चुकते. कोकण म्हणजे पाऊस, पाऊस म्हणजे पाणी, असे आपण धरून चालतो. महाड-पोलादपूर भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो खरा. पण तो चार महिन्यांत पडतो, उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. पाणी काळ आणि गांधारी नद्यांतून सावित्रीला व तिथून खाडीला जाऊन मिळते. एप्रिल-मे मध्ये डोंगरातल्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पडते पुष्कळ, राहत नाही.

आता आपला हिशेब पाहा. उसाला पाटाने आठ सेंटिमीटरची एक पाळी दिली तर एकराला सुमारे ३ लाख २० हजार लिटर पाणी जाते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर बत्तीस टँकर. एका एकराची एक पाळी! रात्री मोटर चालू ठेवून झोपणाऱ्या माणसाला दोन बादल्या म्हणजे काहीच वाटत नाही, यात नवल नाही. ठिबकाविषयी आम्ही नेहमी बोलतो, ते इथे पुन्हा बोलत नाही.

पाचाडला जिजाऊसाहेबांचा वाडा होता. गडावरची हवा त्यांना मानवत नसे म्हणून महाराजांनी तो बांधवला असे सांगतात. राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला आणि १७ जूनला पाचाडलाच त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी गावात आहे. वाड्याच्या आवारात तक्क्याची विहीर आहे. टेकून बसायला दगडी तक्क्या केलेला. विहिरीत वाकून पाहावे, बाटल्या टाकू नयेत. गडावरच्या गंगासागर तलावालाही तेच लागू. तिथे पाय धुणे, आंघोळ करणे नको. वाटेत महाडला चवदार तळे लागते. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह केला. तिथे उतरावे, पण डबे खाऊन पत्रावळी काठावर सोडू नयेत.

आणखी एक. आपण गाडीत पोतेभर चिवडा, खोके भरून बाटल्या घेऊन जातो. त्यापेक्षा पाणी घरून न्यावे आणि जेवण पाचाडला घ्यावे. आदल्या दिवशी निरोप दिला तर घरगुती पिठले-भाकरी, भात मिळतो. वाटेवर मावश्या ताक, काकडी, करवंदे विकतात. त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. उसाला टनामागे पन्नास रुपये कमी मिळाले तर आपण मोर्चा काढतो! मळीपासून पुढे काय तयार होते ते सभासदांना सांगायला नको. तो माल गडावर नेऊ नये. गवत वाळलेले असते, विडीचे थोटूक टाकू नये.

गाडी गावकरी दाखवतील तिथेच लावावी, विचारल्याशिवाय काळ्या तुकड्यात नाहीच. वृद्धांसाठी हिरकणीवाडीहून रोपवे १९९६ पासून आहे. यंदा ज्यांना जायचे आहे त्यांनी गट ऑफिसात नावे द्यावीत व माणशी पाच लिटरचा एक कॅन सोबत ठेवावा. पाऊस लवकर लागला तर वरंध व आंबेनळी घाटांत दरड येते, वाहतूकही बंद ठेवतात. निघण्याआधी चौकशी करावी.