आडवाटेची गाडी आणि पहिला खर्च

त्र्यंबकेश्वराकडून मोखाड्यावरून जव्हारास येणारी सडक डांबरी आहे, आणि विक्रमगडाकडून घाट चढून येणारीही तशीच. केवळ या सडकांवरून ये-जा करणाऱ्यास चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीची गरज नाही. गरज लागते ती सडक सोडल्यावर. सडकेपासून पाड्यापर्यंतचा शेवटचा कोस-दीड कोस पहिल्या पावसातच चिखल होऊन बसतो, ओहळ फरशीवरून वाहू लागतात, आणि आजारी माणसास अथवा अडलेल्या बाईस डोलीत घालून सडकेपर्यंत खांद्यावरून आणण्याचे प्रसंग या भागात अजूनही येतात. अशा वाटेवर जी गाडी जाते आणि परतही येते, तिचे मोल निराळे.

असे वाहन विकत घेतल्यावर धन्याच्या हाती थोडीबहुत रक्कम उरलेली असते, आणि ती कशावर खर्चावी हा प्रश्न उभा राहतो. बाजारात शोभेच्या वस्तूंस तोटा नाही. टपावर दिव्यांची रांग, पुढे लोखंडी शिंग, गाडी वीतभर उंच करणारे सामान! या सर्वांपेक्षा एक जुनी गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी जी विलीस जीप तयार झाली, तिचे इंजिन अवघे साठ अश्वशक्तीचे व टायर अरुंद होते. परंतु तिच्या बाजूस एक फावडे व एक कुऱ्हाड पट्ट्याने बांधूनच ती कारखान्याबाहेर पडत असे. गाडी रुतणार हे तिच्या कर्त्यांनी गृहीत धरले होते. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत याच जीपची जुळणी सुरू केली, आणि आज तिच्याच वंशातील थार गाडी मोखाड्याच्या शेजारी, नाशिकच्या कारखान्यात तयार होते.

पहिला पैसा टायरवर घालावा, याविषयी जाणत्यांत फारसा मतभेद नाही. इंजिनाचे बळ, चारही चाकांची गती, कमी वेगाचा जादा गिअर, हे सारे शेवटी जमिनीस टेकलेल्या चार तळव्यांतूनच बाहेर पडते. सडकेसाठी केलेल्या टायरच्या खाचा उथळ असतात. जव्हारकडील तांबडी, चिकट माती त्यांत एकदा भरली की टायर गुळगुळीत होतो व चाक जागच्या जागी फिरत राहते. खोल खाचांचा टायर फिरता फिरता ती माती बाहेर फेकतो. मात्र निव्वळ चिखलाचा म्हणून जो फार मोठ्या ठोकळ्यांचा टायर मिळतो, तो ओल्या डांबरावर दगा देतो, आणि पाड्यावर जाणाऱ्या गाडीसही निम्म्याहून अधिक वाट डांबरीच कापावयाची असते. सबब बहुतेकांनी दोहोंच्या मधला, सर्व प्रकारच्या जमिनीसाठी केलेला टायर घेणे शहाणपणाचे. त्याची कूस जाड असावी. सह्याद्रीचा काळा पाषाण फुटला म्हणजे त्याला सुरीसारखी धार येते, आणि टायर तळाला फाटण्याऐवजी कुशीला फाटतो. तेथे पंक्चरवाल्याचा इलाज चालत नाही. पाचवे चाकही त्याच मापाचे हवे, हे सांगावयास नको; तरी पुष्कळांचे तसे नसते.

टायरइतकेच महत्त्व त्यातील हवेस आहे, आणि हवा सोडण्यास पैसाही पडत नाही. सडकेवर दर चौरस इंचास तीस पौंडांच्या आसपास असलेली हवा चिखलात अठरा-वीसपर्यंत उतरविली की टायर लांबट पसरतो व गाडीचा भार अधिक जमिनीवर वाटला जातो. उंटाचा पाय वाळूत का रुतत नाही, याचे जे उत्तर तेच येथे. पंधराच्या खाली मात्र जाऊ नये, टायर कडीवरून निसटतो. आणि सडकेवर परतताच हवा पुन्हा भरावी. त्यासाठी बॅटरीवर चालणारा लहान पंप व हवा मोजण्याचे यंत्र जवळ असावे. टायरनंतरची खरेदी हीच.

त्यानंतर रुतलेली गाडी बाहेर काढण्याचे सामान. फावडे, रुंद फळीवर टेकविलेला जॅक, आणि ओढण्याचा पट्टा. हा पट्टा दोन जातींचा असतो. एक ताणत नाही, तो सावकाश ओढण्यासाठी. दुसरा रबरासारखा ताणतो व त्या ताणाच्या जोराने गाडी उपसून काढतो. न ताणणाऱ्या पट्ट्यास झटका देणे म्हणजे गाडीचा सांगाडा वाकविणे होय. याहून घातक चूक म्हणजे मागे जोडगाडीसाठी बसविलेल्या गोळ्यास पट्टा अडकविणे. तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. अशाने माणसे दगावली आहेत. म्हणून सांगाड्यास पक्क्या बोल्टांनी जोडलेले, भार सोसणारे हूक पुढे व मागे आहेत की नाहीत हे आधी पाहावे, नसल्यास बसवून घ्यावेत. ओढताना पट्ट्यावर ओले पोते टाकावे आणि पाहणाऱ्यांस दूर उभे करावे.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. २०२० साली आलेल्या थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर सांगितली आहे. हा आकडा संथ पाण्याचा समजावा. वाहते पाणी गुडघ्याला आले तरी गाडी बाजूस ढकलली जाऊ शकते, आणि त्या वेळी टायर कितीही उत्तम असला तरी त्याच्याखाली जमीन उरत नाही. काठीने खोली पाहिल्यावाचून ओहळात गाडी घालू नये. तळ दिसत नसेल व पाणी ओढ घेत असेल तर थांबावे. पाणी इंजिनात शिरले तर ते दाबले जात नसल्यामुळे आतील दांडा वाकतो, हे पुष्कळांस ठाऊक असते. ठाऊक नसते ते आसांचे. डिफरन्शियलच्या कवचास हवा खेळण्यासाठी एक बारीक नळी असते. तापलेला आस थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते व त्या नळीतून, रबरी सीलांतून पाणी आत ओढले जाते. तेलाचे ताक होते आणि कांही दिवसांनी बेअरिंगे आवाज करू लागतात. ती नळी वाढवून बॉनेटच्या उंचीपर्यंत नेणे हे किरकोळ खर्चाचे काम आहे. दिव्यांच्या रांगेपेक्षा त्याने गाडीचे आयुष्य कितीतरी अधिक वाढते. पण ते कोणास दिसत नाही, म्हणून राहून जाते.

गाडीच्या पोटाखाली पोलादी पत्रा बसविणे हेही त्याच जातीचे. इंजिनाच्या तेलाची टाकी दगडावर फुटली तर गाडी तेथेच राहते.

डिफरन्शियलला कुलूप घालण्याची सोय मात्र महाग, आणि ती नंतरची. डिफरन्शियल दोन्ही चाकांस सारखेच बळ देते; एक चाक खड्ड्यावर अधांतरी राहिले की त्यास बळ लागतच नाही, म्हणून दुसऱ्यासही मिळत नाही. कुलपाने दोन्ही चाके एकत्र फिरतात. कांही गाड्यांत ते कारखान्यातूनच येते.

गाडी उंच करण्याची घाई करू नये. भार वर गेला की घाटाच्या वळणावर कलंडण्याची भीती वाढते, आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. कायदाही आड येतो. मोटर वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कडकपणे लावले. पुढच्या लोखंडी शिंगांविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांस लिहिले होते. टायरचे मापही कंपनीने मान्य केलेल्यांपैकीच असावे; एरव्ही अपघातानंतर विमा कंपनी हात वर करण्याचा संभव असतो.

खाचरांच्या बांधांवरून आणि नुकत्याच लावलेल्या नाचणी-वरईतून मौजेखातर गाड्या पळविणारे पाहुणे अलीकडे पावसाळ्यात दिसू लागले आहेत. कुणाचे वर्षाचे धान्य त्या चाकांखाली जाते. या कामासाठी कोणतेही सामान न घेतलेलेच बरे. ज्यास खरोखर पाड्यावर जावयाचे आहे, त्याने नवे टायर व पट्टा वैशाखातच वापरून पाहावेत, हवा सोडून पुन्हा भरण्यास किती वेळ लागतो ते मोजावे, आणि जॅकखालची फळी गाडीत ठेवली आहे की घरी राहिली, ते मृगापूर्वी एकदा तपासावे.