टॅपेट बोलून राहिले, काका!

नागपुरात धरमपेठेच्या ट्रॅफिक पार्कात पोरांना लाल-पिवळ्या दिव्यांचा अर्थ शिकवतात. बॉनेटखालच्या टिकटिकीचा अर्थ मात्र लक्ष्मीभुवन चौकापासून गोकुळपेठेपर्यंत एकाही फलकावर सापडत नाही. पोर्चमध्ये एखादी पद्मिनी, अँबॅसिडर नाहीतर मारुती ८०० अजून जपून ठेवली असेल, तर त्या टिकटिकीचा अर्थ इथे वाचा.

टिकटिक मुळात कोण करतं? कॅमशाफ्टचे उंचवटे फिरतात, रॉकर हलतो, व्हॉल्व उघडतो. या साखळीत (मेकॅनिकच्या तोंडी 'टॅपेट') मुद्दाम एक बारीक फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू वाढतो. अँबॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनात ही फट ०.०१५ इंच, म्हणजे जेमतेम ०.३८ मिलिमीटर. झीज होऊन ती वाढली, की रॉकर व्हॉल्वच्या दांड्यावर आपटायला लागतो. मेकॅनिकच्या भाषेत, "काहून घाबरता काका, टॅपेट बोलून राहिले फक्त."

ताल ओळखा. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी होते. गाडी जागेवर मिनिटाला ८०० फेऱ्यांनी घुरघुरत असेल, तर सैल झालेला एक टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. बेअरिंगचा ठोका क्रँकच्या तालात, साधारण दुप्पट वेगानं येतो. शिवाय तो जड असतो आणि इंजिनावर भार पडला की चढतो. टिक टिक असेल तर चहा प्यायला वेळ आहे. ठक ठक असेल तर इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या. आणि हो, वर्धा रोडवर ३००० फेऱ्यांनी तासभर गेलात, तर प्रत्येक व्हॉल्व ९०,००० वेळा उघडून मिटलेला असतो. इतकं काम करून तो थोडा कुरकुरला, तर त्याचं काय चुकलं?

डॉक्टरांची नळी. पॅरिसमध्ये रेने लाएनेकनं १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. आपले मेकॅनिक लांब पेचकस टॅपेट कव्हरला टेकवतात आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला. आवाज कोणत्या सिलिंडरवर जास्त आहे ते लगेच कळतं. फक्त पंखा आणि पट्ट्यापासून बाही लांब ठेवा. दांडीनं (पुशरॉडनं) रॉकर हलवणाऱ्या जुन्या इंजिनात आणखी एक गंमत चालते: कव्हर काढून, गाडी जागेवर चालू ठेवून, एकेका फटीत फट मोजायच्या फिलर गेजची पट्टी सरकवायची. ज्या फटीत पट्टी जाताच टिकटिक थांबेल, तोच गुन्हेगार.

पण त्याही आधी डिपस्टिक ओढून बघा! ऑइल कमी असलं की रॉकर कोरडे पडतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात ते ऑइल तसंही पाण्यासारखं पातळ होतं. लोक दोन-तीन गॅरेज फिरतात आणि डिपस्टिकला हात लावत नाहीत. याचं मला कायम नवल वाटतं.

सोंगाडे बरेच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तर हुबेहूब टिकटिक ऐकू येते. सकाळी थंडीत जोरात आणि तापल्यावर गायब, कारण धातू फुगून भेग बुजते. सांध्यावर काजळीची रेघ दिसली तर टॅपेटला हात लावू नका. सैल स्पार्क प्लगही असाच फसवतो. कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत कॅमशाफ्टवर चालणारा पेट्रोल पंपही टिकटिकतो. नव्या गाड्यांत इंजेक्टर टिकटिकतात, आणि तो आजार नव्हेच.

शांततेला घाबरा. खरी मेख इथे आहे. "आवाज बंद करून द्या" असा मालकानं हट्ट धरला, की कोणीतरी टॅपेट जास्तच आवळतो. मालक खूश! पण फट उरली नाही की तापलेला व्हॉल्व पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्वचं डोकं ७०० अंशांच्या आसपास तापतं आणि त्यातली बरीचशी उष्णता मिटलेल्या अवस्थेत, आपल्या बैठकीला, म्हणजे सीटला, टेकूनच बाहेर जाते. टेकलाच नाही तर जळतो. मग कॉम्प्रेशन जातं, हेड उतरतं, आणि खिसाही. जुन्या इंजिनावर एलपीजी किट बसवलं असेल तर सीट झिजून फट आपोआप कमी होऊ शकते. तिथे आवाज घटला तर पेढे वाटू नका, फिलर गेज मागवा.

नऊचं गणित. अँबॅसिडरचे आठ व्हॉल्व सेट करताना पुस्तक लागत नाही. जो पूर्ण दाबलेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करा. उत्तर येईल त्याची फट सेट करा. आठवा दाबलेला तर पहिला, सहावा तर तिसरा.

कटकट मिटवणारे. कॅडिलॅकनं १९३० मध्येच सोळा सिलिंडरच्या गाडीत ऑइलच्या दाबावर फट आपोआप भरून काढणारी व्यवस्था दिली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्यात बनणारी १०८९ सीसी पद्मिनी मात्र शेवटपर्यंत पुशरॉड आणि फिलर गेजवरच राहिली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली.

टॅपेटची भानगडच नको असेल, तर आकुर्डीच्या बजाजची जुनी टू-स्ट्रोक चेतक शोधा. तिच्यात कॅमनं उघडणारे व्हॉल्वच नाहीत. पुढे फोर-स्ट्रोक चेतक आली, आणि तिच्यासोबत टॅपेटही आले.